एका डोळ्याची पिकअप

४ जानेवारी, रविवार
पिकअपचा डावा हेडलाइट गेला. सोळा वर्षांची गाडी, चालायचंच. सपना म्हणाली, चेकनाक्यावर इलेक्ट्रिशियन आहे, दाखव त्याला. बायकोला काय सांगणार. मंडप डेकोरेशनचा धंदा आहे माझा, अख्ख्या मुलुंडच्या लग्नांना लायटिंग मी करतो. एक लाइट मला जड नाही.
वेळही भरपूर. अठरा तारखेला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, मनोरीला कॉटेजवर. अण्णा म्हणाले, मी जावयाच्या पिकअपमध्ये पुढे बसून येणार. आयुष्य गिरणीत उभं राहून गेलं, आता पुढची सीट हवी. शब्द दिलाय.

६ जानेवारी
नवा बल्ब लावला. पेटला नाही. दुकानदाराने डिफेक्टिव्ह माल दिला. उजवीकडचा चालू बल्ब काढून डावीकडे लावला. तोही पेटला नाही. म्हणजे दोष बल्बचा नाही. याला डायग्नोसिस म्हणतात.
परत उजवीकडे लावताना हातातून पडून फुटला. मग तिथे नवा लावला, डावीकडे जुनाच परत बसवला. नवा लख्ख पेटला. दुकानदाराबद्दल वर लिहिलंय ते खोडायला हवं. नंतर खोडतो.

९ जानेवारी, सकाळ
फ्यूज. शंभर टक्के फ्यूज.

दुपार
फ्यूज नाही. सगळे काढून बघितले, पण कुठला कुठे होता ते लक्षात राहिलं नाही. आता हॉर्न वाजत नाही. तसा मी शांत ड्रायव्हर आहे.

११ जानेवारी
सपनाचा भाऊ चंद्रप्रकाश बोरिवलीहून आला. न विचारता बॉनेटमध्ये डोकं घातलं. म्हणाला, भावोजी, अर्थची वायर बघितली का. मी म्हटलं, कालच बघितली.
तो गेल्यावर बघितली. गंजून तुटलेली. मला हा संशय आधीपासून होताच, बोललो नव्हतो इतकंच.

१३ जानेवारी
नवी वायर टाकली, बॉडीला स्क्रूने आवळली. डावा लाइट लागला. सपनाला खाली बोलावून दाखवला. उजव्याची जुनी वायरही काढून त्याच स्क्रूला जोडली. दोघांना एकच नियम.
इंडिकेटर दिला की दोन्ही हेडलाइट मिचमिचतात. सपना म्हणाली, हळदीच्या मंडपासारखं दिसतंय. मी ते कौतुक समजलो.

१५ जानेवारी
यूट्यूबवर एक जण सांगतो, अर्थची वायर आवळायची तिथला रंग खरवडून खालचा पत्रा उघडा करा, नाहीतर कनेक्शन धड बसत नाही. गेल्या दिवाळीत अख्खी गाडी रंगवलीय मी. खरवडणार नाही. इंडिकेटर कमी वापरू.

१७ जानेवारी
सपनाने परस्पर अण्णांना फोन केला, चंद्रप्रकाशच्या गाडीतून या म्हणाली. अण्णांनी नाही म्हटलं. जावयाने शब्द दिलाय, म्हणाले. मला भरून आलं. क्षणभर वाटलं, खरवडावा रंग. मग जेवायला बसलो.

१८ जानेवारी, सकाळ
निघतोय. अण्णा खिडकीशी, सपना मध्ये, तिच्या मांडीवर केक. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय.

१९ जानेवारी
जाताना झकास. भाईंदर, उत्तन, गोराई, कुठे काही नाही. अण्णा वाटभर हात बाहेर काढून वारा घेत होते. म्हणाले, लहानपणी ट्रकवर क्लीनर व्हायचं होतं मला, बापाने गिरणीत चिकटवलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.
केक कापला, जेवलो. चंद्रप्रकाश लवकर निघाला. आम्ही अण्णांच्या इच्छेने सूर्यास्त बघून निघालो.
गावाबाहेरच्या खड्ड्यात गाडी आपटली आणि दोन्ही लाइट एकदम गेले. एकाच स्क्रूवर होते. बॉनेट उघडलं, वायर हलवली. इंडिकेटरही गेले. सपना खाली उतरली आणि ढकलायला उभी राहिली.
पिकअप ढकलत कॉटेजवर परत नेली. एका बाजूला मी, एका बाजूला सपना, आणि नको नको म्हणत असताना मागून अण्णा. शर्टाला ग्रीस लागलं.
मग रिक्षाने जेट्टीवर, बोटीने मार्वेला. वाटेत अण्णांना समजावलं की हेडलाइट सोडले तर गाडी एकदम ओके आहे. त्यांनी मान डोलावली.
बोटीत चढताना त्यांनी बोटवाल्याला विचारलं, हिला लाइट आहे ना. आहे, म्हणाला तो.
मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, जावईबापू, तुम्ही जरा त्या टोकाला बसा. कशाला हात लावू नका.