ज्वारीपुढं नुसतं ‘नाही’

८ जानेवारी ९४, शनिवार. परभणी.

लिही सुमे. सांगते तसंच लिही, शाणपणा नको. सुमी माझ्या लेकाची लेक. शेतीसल्ल्याच्या हापिसात ‘सी’ नावाच्या भाषेत मशीनीला मराठी वाचायला शिकवायलीय. म्हणती, “आजी, मशीनीच्या पोटात इंग्रजी अक्षराला एक खोली पुरती, आपली अक्षरं रुंद.” असणारच. काना, मात्रा, वेलांटी, सारा खटला संगं.

मी अंगठेबहाद्दर. मशीन माझ्या पुढं गेली म्हणायची.

१०, सोम.

सल्ल्याचे पहिले कागद छापून एसटीनं पालमकडं गेले. गावोगाव वाचून दाखवणार. माझ्या लेकीच्या, गंगूच्या गावातबी. जावई छापलेलं देवावानी मानतो, बायकोचं ऐकत न्हाई. सुमीनं पेढे आणले.

११, मंगळ.

उरलेला कागद सुमीनं वाचला. “हरभरा : ढाळ्यावर आलेल्या हरभऱ्यावर आता फवारणी करायची” अन् खाली, “ज्वारी : नाही.”

मी हसले. ज्वारीनं काय घोडं मारलं?

सुमी पांढरी पडली.

फाईलीत ओळ व्हती, “फवारणी करायची नाही.” फाईलीतून अक्षरं धारेवानी येत्यात म्हणं. हिनं धरलेलं भांडं धाकटं. त्यातबी शेवटची खोली ‘संपलं’ ह्या खुणेची. ‘नाही’ मावलं न्हाई. धारेतच राहिलं अन् पुढल्या खेपंला ज्वारीच्या नावावर आलं.

इंग्रजीत ‘नको’ आधीच सांगत्यात, असं सुमी म्हणती. आपल्यात माणसाचं शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

गंगूची लेकरं दिसभर शेतात. हरभऱ्याचे हिरवे ढाळे उपटायचे, तिथंच सोलून खायचे. फवारणीचं इख धुतंय कोण...

सुमे, ऱ्हाऊ दे, उद्या लिहू.

१२, बुध.

आता ओळ पुरी हाती येईस्तोवर मशीन वाचती. ‘नाही’ जागच्या जागी. पर गेलेल्या कागदाचं काय? साहेब म्हणले, “पुढल्या खेपेला दुरुस्ती देऊ.” सुमी म्हणली, “तवर लोक खातील ना, साहेब!” साहेब चष्मा पुसायलेत.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धास्तीनं गाड्यांचा भरवसा न्हाई. स्टँडवर पालमचा कंडक्टर भेटला. “मावशी, तुमचे जावई काल फवारणीचा पंप धुवायलते.”

भरायच्या आधी, का फवारल्यावर?

“ते मी कुठं इचारलं?”

१३, गुरु. भोगी.

आज शेजारची शांता लिहायलीय. सुमी पहाटं जीपनं पालमकडं गेली, नवा कागद घेऊन, साहेबाला न इचारता. म्हटलं, नोकरी जाईल गं. “जाऊ दे.”

दुपारी कंडक्टरनं ढाळ्याची जुडी आणून दिली. गंगूनं भोगीला पाठवलेली. निरोप काय? काहीच न्हाई. हिरवीगार. नाकाला लावून पाह्यली. ह्या वयात नाकाचं काय खरं...

दिवस कलला. सुमी न्हाई.

शांता म्हणली, “आजी, भाजी चुलीवर हाय. ढाळे सोलू का?”

म्हटलं, थांब.