सोलकढीच्या कंपनीचे आम्ही मालक

लालबाग,
गुरुवार

तीर्थरूप बाबुरावकाकांना पुतण्या अभयचा वाकून नमस्कार. काकूंचा गुडघा कसा आहे? तेल लावायचा आळस करू नका म्हणावं. इकडे आम्ही दोघं ठीक, म्हणजे मी ठीक आहे आणि सुचित्रा गप्प आहे. फोनऐवजी पत्र अशासाठी, की दर रविवारी फोनवर तुम्ही 'आज भाव काय?' एवढंच विचारता आणि आवाज तुटतोय म्हणून मी फोन ठेवतो. (आवाज तुटत नव्हता. क्षमा असावी.)

तर भावाचं असं आहे. पाकिटात सोलकढी भरणाऱ्या त्या कंपनीचे माझ्या सांगण्यावरून तुम्ही पन्नास शेअर घेतलेत आणि मी तीनशे. हे शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, म्हणून टीव्हीखाली पळणाऱ्या पट्टीत त्यांचा भाव दिसत नाही. त्यासाठी तुम्ही चष्मा बदललात तो उगाच. भाव असतो तो परळच्या वैभवच्या, म्हणजे आपल्या दलालाच्या तोंडात. घेताना तो चारशे होता. विकू का विचारलं की दोनशे साठ होतो, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. कंपनी दोन वर्षांत बाजारात येणार, मग चौपट, असं वैभव म्हणाला होता. मी तिथल्या तिथे बदलापूरला मनातल्या मनात एक ब्लॉक घेतला, गॅलरीसकट.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते सांगतो. माझे म्हणून जे पैसे मी त्यात घातले, ते सुचित्राच्या ओट्याचे होते. आमचा ओटा तुम्ही पाहिलाय, आमच्या आईच्या उंचीचा. सुचित्रा वीस वर्षं त्यावर वाकून पोळ्या लाटते. नवा ओटा व्हावा म्हणून तिनं शिकवण्या करून पैसे साठवले आणि पतपेढीत ठेवायला माझ्याकडे दिले. मी ते वैभवला दिले. शेअरचे कागद आम्हा दोघांच्या नावाचे होते, तिनं पतपेढीचे समजून सह्या केल्या आणि मी समजू दिलं.

परवा कंपनीची वार्षिक सभा भायखळ्याला होती. शेजारच्या गंगुबाई (त्यांचेही वीस शेअर, माझ्याच भरवशावर) गॅलरीतून ओरडल्या, "सुचित्रा, सभा आसा गो, पिशवी घे मोठी!" पतपेढीच्या सभेत स्टीलचा डबा मिळतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुचित्रा पिशवी घेऊन निघाली. ऐन वेळी माझ्या पोटात दुखायला हवं होतं, पण सुचलं नाही.

सभेला आम्ही धरून अकरा माणसं. दारात वहीत सही करताना सुचित्रानं भागधारकांत स्वतःचं नाव वाचलं, मग कंपनीचं वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. काका, तिथं तिनं चार शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. अध्यक्ष म्हणजे हर्षवर्धन नावाचा तिशीतला मुलगा. त्यानं पडद्यावर आलेख दाखवले, त्यात तोट्याची रेघ तेवढी वर चढत होती. लाभांश नाही, बाजारात यायला निदान सात वर्षं, नफा झालाच तर तो नव्या यंत्रात जाणार. प्रश्न विचारा म्हणताच गंगुबाई उठल्या. "डबे खंय आसत?" मुलगा गोंधळला. (शेवटी सोलकढीचं एकेक पाकीट दिलं. गंगुबाईंनी दोन घेतली.) मग सुचित्रा उठली आणि म्हणाली, "मला उद्या पैसे लागले तर हे शेअर घेणार कोण?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मुलगा प्रामाणिक, म्हणाला, "काकू, घेणारा मिळेपर्यंत थांबावं लागेल." ती "थँक यू" म्हणून खाली बसली. मला फार लाज वाटली, काका.

तेव्हा आपणही अपेक्षा थोड्या खाली आणाव्यात. मी आणल्या आहेत. आधी बदलापूर सोडलं, मग ओटा, मग मुद्दलसुद्धा. हल्ली वैभवनं फोन उचलला तरी मला नफा झाल्यासारखं वाटतं. पण कंपनी बुडालेली नाही आणि सोलकढी खरंच झकास आहे. तुम्हाला आता एकोणऐंशी चालू आहे, म्हणजे चौपट व्हायच्या वेळी तुम्ही जेमतेम शहाऐंशीचे असाल.

आपला,
अभय

ता. क. ही अक्कल कोणाची, असं सुचित्रानं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. गौरी-गणपतीला आम्ही येऊ तेव्हा ती तुम्हाला विचारेल. तुम्ही नुसती मान डोलवा. वडीलधाऱ्यांना ती काही बोलत नाही.

आणखी ता. क. काका, मी सुचित्रा. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. मान डोलवू नका. शेअर मी ठेवतेय आणि पुढच्या सभेलाही जाणार आहे, तो मुलगा खरं बोलतो. नवा ओटा होईपर्यंत जुन्या ओट्यावर स्वयंपाक हे करणार, असं मी ठरवलंय. हे माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे पहिल्याच दिवशी कंबर धरली. काल पिठलं केलं होतं. अपेक्षा कमी ठेवून जेवले, बरं लागलं.