पंचवीस खणांचा ट्रे

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या तयार करणे (आता बंद), आज स्वतःच्या घरी स्वतःच्या अक्षरात हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सकाळीच तपासून सांगितले आहे. कोणाचा दबाव नाही; दबाव आणणारे माणूस घरात उरलेले नाही. माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. कारण सहाव्या कलमात येईल.

१. घर मुलीला. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवला की बंद होतो. तिच्या आईने तो तीस वर्षे तसाच वापरला. बदलायचा असल्यास हरकत नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलगी आणि माझी धाकटी बहीण यांना निम्मी निम्मी. बहीण "मला कशाला, दादा" म्हणेल. तिचे ऐकून घ्यावे आणि तिला द्यावी.

३. कोरण्या, मेणाचे चाकू, चिमटे आणि पॉलिशचे यंत्र आमच्या दातांच्या डॉक्टरांना. त्यांनी एकतीस वर्षे माझी जवळजवळ प्रत्येक कवळी "जरा उंच बसतेय" म्हणून परत पाठवली. मी ती दोन दिवस कपाटात ठेवून हात न लावता पुन्हा पाठवत असे, आणि ते "आता कशी बसली बघा" म्हणत. हे त्यांना माझ्या मागे कळावे.

४. थोरल्या भावाला शिडी. ती अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे. आता ती कायद्याने त्याची झाली, तेव्हा आमच्यापैकी कोणी दिसल्यास त्याने रस्ता ओलांडून जाऊ नये.

५. राखाडी कोट जावईबापूंना. वरून दुसरे बटण नाही. ते शोधू नये.

६. नाण्यांचा ट्रे. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

रोमच्या साम्राज्यात साधारण पन्नास वर्षांचा एक काळ असा आला की सैन्याने एकाला गादीवर बसवावे आणि कंटाळा आला की मारावे. पंचविसाच्या आसपास सम्राट झाले. अंथरुणात मेलेले फार थोडे. त्या काळची नाणी मी जमवली. चांदी संपत आल्यामुळे पुढे पुढे ती तांब्याचीच केली आणि वरून चांदीचा नुसता हात फिरवला.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी मी बाहेर गेलो असताना पत्नीने मला खूश करण्यासाठी सात सम्राट कवळ्यांच्या पॉलिशच्या चाकावर धरले. ती मला कामात मदत करत असे, हात चांगला होता. सतराशे वर्षे टिकलेली चांदी पाच मिनिटांत गेली. मी आलो तर सातही जण लालबुंद.

"अहो, लाजल्यासारखे दिसतायत," ती म्हणाली. माझा चेहरा पाहून मग म्हणाली, "चुकलंच का हो माझं?"

मी आठ दिवस बोललो नाही. मी तसाही फार बोलत नाही, त्यामुळे तिला ते पाचव्या दिवशी कळले. मग तिने भरपाई म्हणून सगळी नाणी पुन्हा ट्रेमध्ये लावून दिली. मी काळाप्रमाणे लावली होती. तिने प्रत्येकाची हकिकत विचारून घेतली आणि म्हणाली, "मारणारा आणि मेलेला शेजारी शेजारी कसे ठेवता तुम्ही? बिचाऱ्याला झोप लागेल का?" तिने सर्वांना अशा रीतीने बसवले की कोणाच्याही शेजारी त्याचा खुनी नाही. याला तीन संध्याकाळी लागल्या. मी करून पाहिले, मला जमले नाही.

चोवीस नाणी, खण पंचवीस. जेमतेम तीन आठवडे राज्य केलेला एक सम्राट मला कधी मिळाला नाही. ट्रे बोळका दिसतो म्हणून तिने त्या खणात माझ्या कोटाचे बटण ठेवले. बटणाला आज एकवीस वर्षे झाली. इतके त्यांच्यातले कोणी टिकले नाही.

आधीच्या मृत्युपत्रात हा ट्रे संग्रहालयाला दिला होता. गेल्या महिन्यात तिथले अधिकारी पाहून गेले. नाणी काळाप्रमाणे लावू, घासलेली सात बाजूला काढू, बटणाची नोंद करता येणार नाही, असे सभ्यपणे म्हणाले. मी त्यांना चहा दिला.

तो तीन आठवड्यांचा सम्राट मास्तरांकडे आहे. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, समोरच्या इमारतीत राहतात, तेही हीच नाणी जमवतात. मी बावीस वर्षे मागितला. त्यांनी दिला नाही, उलट दर वेळी "खण रिकामाच का अजून?" असे विचारत. ट्रे मी त्यांना कधी दाखवला नव्हता.

पत्नी गेल्यावर चौदाव्या दिवशी ते आले. काड्यापेटीत कापसावर तो सम्राट आणला होता. "घ्या. उगाच ताणलं मी," म्हणाले. मी ट्रे पुढे ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. क्रम का चुकला आहे, हे त्यांनी विचारले नाही. बटणाकडे बोट करून म्हणाले, "वहिनींनी?" मी मान हलवली.

त्यांनी काड्यापेटी बंद करून परत खिशात घातली. म्हणाले, "मग इथे जागा कुठे आहे?"

ट्रे मास्तरांना द्यावा. त्यांच्या मागे तो मुलीकडे यावा. क्रम बदलू नये वगैरे तीन अटी मी आधी लिहिल्या होत्या. त्या खोडल्या आहेत, आणि खोडलेल्या जागी सही केली आहे.

वरील सर्व मी पुन्हा एकदा वाचले. बरोबर आहे.

(सही)

साक्षीदार, दोघांनीही माझ्या समोर सही केली :
१. डॉक्टर, सकाळी तपासून गेलेले (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई (सही). कोटाला नवे बटण लावून देते म्हणाल्या. नको म्हटले.

ठिकाण : घरी, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ९ मार्च, मंगळवार