दोन हिरवी लुगडी

उदगीर,
८ डिसेंबर १९८३

प्रिय सिंधु,

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच विचारणा : आईच्या लुगड्याची वाकळ कुठवर आली? शेवटच्या पत्रात तर सहीखाली अशी ठळक रेघ ओढलीस की मला नोटीसच आल्यासारखं वाटलं. लातूर जिल्हा झाला, तू कचेरीत बसायला लागलीस, तुझा हात भारी झाला बाई! आमच्या सासूबाई अजून जिल्हा उस्मानाबादच सांगतात. असो. वाकळ दिवाळीला देते म्हणाले होते, दिली नाही. का ते सगळं सांगणार आहे, पण माझ्या चालीने सांगू दे.

आधी घरचं. ओसरी आता पूर्ण माझ्या ताब्यात आली. यांचं शिलाई मशीन मी आतल्या खोलीत हलवलं. हे चार दिवस कुरकुरले, आता तिथेच खूश आहेत. भाकरी उरकल्या की मी सतरंजी अंथरते, शेजारची सरजाबाई कात्री घेऊन येते. कापायचं तिनं, दोरा घालायचा मी. विटकी धोतरं-लुगडी आतल्या थरांत, चांगलं कापड वर. किनवटहून एकीनं गाठोडं पाठवलंय, नायगावच्या मास्तरीणबाईंना नातवासाठी दोन दुपटी हवीत. माझ्यासारखा बारीक टाका या भागात कुणाचा नाही, हे मी नाही, लोक म्हणतात. मीही नाही म्हणत नाही.

हा टाका मला कुणी शिकवला ते तुला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडायला जायचो, तेव्हा दुपारच्या सुट्टीत तुझी आई, माझी धोंडामावशी, सुकडीची रिकामी पोती जोडायची. ‘सुमे, दोरा वढू नगंस, कापड रडतंय,’ म्हणायची. तिचं हिरवं इरकली लुगडं गुडघ्यावर दगडाला लागून फाटलं, ते मी रफू केलं. माझा पहिला धड टाका तो. आणि तीच मावशी आमच्या घरी आली की माझी आई तिला ओसरीच्या खाली बसवायची, नि मी गप्प राहायची. तेव्हा काही वाटलं नाही. आता फार लाज वाटते.

आता माझी चूक. गाठोड्यांवर मी नावं घालत नाही. नाव दिसलं की गिऱ्हाईक विचारतं, आमच्या कापडाशेजारी हे कुणाचं? ती कटकट नको म्हणून मी फक्त रंगीत दोऱ्याची खूण बांधते. सगळ्यांची तोंडं गप्प ठेवायची माझी ही हुशारी. श्रावणात कसर लागू नये म्हणून गाठोडी माळवदावर उन्हात सोडली. त्यात दोन हिरवी इरकली लुगडी होती, एक मावशीचं आणि दुसरं गावच्या केवळाकाकूंचं, शेषेराव पाटलांच्या आईचं. परत बांधताना दोऱ्यांची अदलाबदल झाली. सरजाबाईने कापलं, रफूचा तुकडा आतल्या बाजूला गेला, मी न बघता शिवलं, पाटलांकडे वाकळ गेलीसुद्धा. दिवाळीआधी तुझं गाठोडं सोडलं तर लुगड्याला रेशमी पदर, आणि रफू कुठेच नाही. सिंधु, तुझ्या आईच्या मागे एवढं एकच लुगडं उरलं होतं, आणि ते मी दुसऱ्याच्या अंगावर घातलं.

महिनाभर तोंड लपवलं. मग गेल्या आठवड्यात गावी गेले आणि काकूंना लुगडं कुणाचं ते नावासकट सांगितलं. त्यांनी वाकळ बाजेवरून खाली ढकलली. ‘बाटवलंस की गं मला!’ म्हणाल्या. मी उचलायला वाकले तर, ‘ऱ्हाऊ दे तिथंच.’ मी तशीच परतले. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला. जाऊन बघते तर वाकळ अंगावर, नि म्हातारी आतल्या बाजूचं ते रफू चाचपतेय. ‘वीस वर्सं राबली धोंडा माझ्या रानात. लई ऊब हाय ह्यात. उसवू नगंस, सुमे.’ शेषेराव म्हणाले, सिंधुताईला नवं भारी लुगडं पाठवतो, मिटवून टाका. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी मी ताडकन नाही म्हटलं. ज्या मावशीला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिच्या लुगड्याची ऊब मी कोण वाटून देणारी? हवं असेल तर सिंधुच्या घरी चला आणि तिला स्वतः मागा, असं सांगितलं. शेषेराव चिडले. काकूंनी वाकळेची घडी घातली नि म्हणाल्या, ‘येते की.’

म्हणून हे पत्र. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, सकाळच्या बसने मी काकूंना घेऊन तुझ्या क्वार्टरवर येतेय. वाकळ सोबत असेल. त्या मागतील, तू काय सांगायचं ते तू ठरव. त्यांच्या वयाकडे बघून हो म्हणू नकोस, माझी चूक झाकायला तर मुळीच म्हणू नकोस. आपण मोठं मन दाखवायलाच हवं असंही काही नाही. तू नाही म्हणालीस, तर तिथेच, त्यांच्या समोर, मी टाका न् टाका उसवून मावशीचं लुगडं तुझ्या मांडीवर ठेवीन. कात्री पिशवीत घातली आहे.

तुझीच,
सुमन