दम संपेल तिथून

हायडेलबर्ग, ४ मे २०२४

ती. शैलाताईस वीणाचा सा. न. वि. वि.

फोनवर आप्पा शेजारीच असतात, म्हणून लिहिते. फुप्फुसाच्या दुखण्यानंतर त्यांनी अथर्वशीर्ष सोडलं ते सोडलंच. मधेच दम तुटतो, आणि तुटलेला पाठ देवापुढे नको, म्हणतात. देवघरासमोर नुसते गप्प बसतात. बघवत नाही गं.

शेजारच्या रेनाटेबाई ड्रुइड आहेत. प्राचीन केल्टिक लोकांचा झाडांना मानणारा धर्म नव्याने जगणारी ही मंडळी. त्यांच्या गळ्यातल्या पदकावरचे तीन किरण बघून आप्पांनी विचारलं, हा त्रिपुंड्र उभा का? ती प्रेरणेची खूण निघाली, आणि तिचाच जप 'आवेन'. मी घाईने म्हणाले, म्हणजे आमचा ॐच. बाई हसून म्हणाल्या, नाही, अगदी तसं नाही. मला उगाच बोलल्यासारखं झालं. १९ तारखेच्या रविवारी त्यांनी आप्पांना ओक झाडांच्या रानात बोलावलंय. नेऊ का?

तुझी माया आहेच, तिच्या भरवशावर विचारते.

वीणा


सांगली, ९ मे २०२४

चि. वीणास अनेक आशीर्वाद.

एका ऱ्हस्व-दीर्घासाठी आपल्याला आरती पुन्हा म्हणायला लावणारे आप्पा, आणि रानात जर्मन मंडळींबरोबर! हसून पुरेवाट झाली. पण ऐकायलाच ने, म्हणायला लावू नकोस. परक्यांसमोर दम तुटला तर घरातही पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

इकडे सगळे खुशाल. जपून ने, आणि कळव.

शैलाताई


हायडेलबर्ग, २७ मे २०२४

ती. शैलाताईस सा. न. वि. वि.

ताई, आप्पा म्हणाले!

तिथे कुणी एका सुरात, एका वेळी म्हणत नाही. ज्याने त्याने आपल्या श्वासाने सुरू करायचं, दम संपला की थांबायचं. बाकीचे धरून ठेवतात, आवाज तुटतच नाही. आप्पांनी मला दोनदा विचारलं, थांबल्यावर कुणी रागावत नाही ना? मग ॐ म्हटलेला चालेल का, ते विचारायला लावलं. रेनाटेबाई म्हणाल्या, ओकची काही हरकत नाही. आप्पांनी डोळे मिटले. दम तुटला, थांबले, पुन्हा म्हणू लागले. मी रडले, ते नाही.

काल संकष्टी. आप्पांनी आपणहून अथर्वशीर्ष सुरू केलं. अडले तिथून मी धरलं, मी चुकले तिथून तनयाने. एरवी जर्मनमध्ये उत्तरं देणारी माझी पोर, ऐकून ऐकून पाठ! फलश्रुतीपर्यंत पोचलो. माझ्या मनात आलं, देवाला हे चालेल का? विचारणार, तोच आप्पांनी माझ्या तीन उच्चारांत चुका काढल्या. प्रश्न मिटला.

तुला त्यांचा निरोप आहे: गणपतीला फोनवरून एकवीस आवर्तनं करायची आहेत. घसा तयार ठेव. त्यांचा दम संपेल तिथून तू धरायचंस.

आमच्यावरचा लोभ वाढता ठेव.

वीणा