एकोणीस बापांची परवानगी

दिनांक २० फेब्रुवारी १९८७, शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.
(उपकेंद्राच्या पायरीवर बसून उकळलेल्या सुया मोजत होतो. चोवीस आहेत. दोनदा मोजल्या.)

ती. गंगाराम भावोजी यांस,

लवूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यात जे थोडे कमी-जास्त आहे ते पत्राच्या शेवटी येईल. तुमचा खोकला कसा आहे? मुंबईत मंडळाच्या खोलीवर एकवीस माणसे झोपतात असे राहीआक्का सांगते, तेव्हा एकाचा खोकला म्हणजे सर्वांचा खोकला. तरी औषध तुम्ही आपले आपण घ्यावे, सभेपुढे ठेवू नये. (रागावू नये. असे का लिहिले ते पुढे कळेल.)

मागच्या पत्रात तुम्ही विचारलेत की, मेहुणा आमच्या घरी राहतो, आमचा भात जेवतो आणि आरोग्य रक्षक म्हणून सरकारचे महिना पन्नास रुपये घेतो, तर तो करतो काय. प्रश्न योग्य आहे. मी आठवीच्या पुढे शिकलो नाही, पण सांगितलेले काम जसेच्या तसे करतो, आणि या खेपेस सगळा घोटाळा त्यानेच झाला. पूर्वी लस टोचण्याची रीत सोपी होती. सिस्टरबाई यायच्या, पोराचे वजन करू म्हणायच्या आणि वजन करता करता सुई मारायच्या. आईने विचारलेच तर ‘ताकदीचं आहे’ म्हणून मोकळ्या. रात्री पोर तापाने फणफणले की त्या ताकदीची वाडीभर चर्चा व्हायची, आणि पुढच्या महिन्यात सिस्टरबाई बांधावर दिसल्या की बायका मागल्या दाराने काजूच्या बागेत. सरकारला हे दहा वर्षांनी कळले आणि परिपत्रक निघाले की, लस देण्यापूर्वी पालकांना संपूर्ण माहिती द्यावी. पालीच्या डॉक्टरसाहेबांनी ते मला वाचून दाखवले आणि म्हणाले, “लवू, काही लपवायचं नाही. सगळं सांग.” एवढे बोलून साहेब माहिती कशी द्यावी या विषयाच्या बैठकीसाठी चार दिवस रत्नागिरीला गेले.

मी सगळे सांगितले. वहीत दोन रकाने पाडले, डावीकडे फायदे, उजवीकडे त्रास, आणि घरोघर जाऊन वाचले. गोवराने पोर कसे सुकते, छातीत कफ कसा भरतो, डोळे कसे जातात, हे डावीकडे. लशीनंतर आठवड्याने ताप येईल, थोडे पुरळ उठेल, दोन-तीन दिवसांत उतरेल, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि दूध तोडू नये, हे उजवीकडे. उजवीकडे अगदी तळाशी होते की, लाखात एखाद्या मुलाला जास्त त्रास होऊ शकतो. तेही मी त्याच आवाजात वाचले. (आवाज खाली आणायचा असतो, हे साहेब बैठकीहून परतल्यावर मला कळले.) सोनूबाई पाखडता पाखडता थांबली आणि म्हणाली, “लाखात येक? मंग आपल्या वाडीत कोन त्यो?” मी तिला हिशेब करून दाखवला की, आपल्या वाडीत लशीच्या वयाची एकोणीस मुले, म्हणजे अशा पाच हजारांहून जास्त वाड्या टोचाव्या तेव्हा एक. ती म्हणाली, “त्या पाच हजार वाड्या आदी टोच. मंग आमच्याकडं ये.” तिची जाऊ तुळसा आतून ओरडली की, आधी काही सांगत नव्हता तेव्हा निदान तुमच्यावर राग तरी धरता येत होता. आणि शेवटी सोनूबाईनेच तोड काढली, “पोराच्या बापाला इचार. त्यो मुंबैत हाय. उद्या काय झालं तर माज्या डोक्यावर नको.”

मला हे फार पटले. एकीच्या नवऱ्याला विचारायचे आणि बाकीच्यांच्या नाही, हे माझ्या स्वभावात बसेना. म्हणून एकोणीस बापांना एकोणीस पत्रे लिहिली, प्रत्येकात दोन्ही रकाने, स्वच्छ अक्षरात, आणि त्यातले एक तुम्हाला होते. पुढचे तुम्ही जाणताच, कारण तुम्हीच चिटणीस. एकोणीसच्या एकोणीस माणसे एकाच खोलीत राहतात हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. तीच माहिती एका रविवारी एकोणीस वेळा मोठ्याने वाचली गेली, म्हणजे उजवीकडचा तो लाखातला एक मुलगा एकोणीस वेळा आजारी पडला. मग सभा, मग चहा, मग तुमच्या अक्षरातला ठराव आला: प्रथम वरच्या वाडीतील दोन मुलांस टोचून आठ दिवस पाहावे, नंतर आपल्या खालच्या वाडीने विचार करावा. ही बातमी वरच्या वाडीच्या मंडळाच्या कानावर गेली असावी, कारण त्याच टपालाने त्यांचेही पत्र आले. पालखीच्या भांडणानंतर त्यांनी खोली वेगळी केली, पण डोके वेगळे केलेले दिसत नाही, कारण त्यांनी लिहिले होते की, प्रथम खालच्या वाडीतील दोन मुलांस टोचावे. पोस्टमन धाकू दोन्ही ठराव माझ्या हातात देऊन म्हणाला, “आता दोन पोरं पालीच्या बाजारातून इकत आन.”

इकडे नदीपलीकडे गोवर सुरू झाला होता. चार मुले आडवी पडली, त्यातले एक गेले. हे मी रकान्यात लिहिले नाही. ते लोकांनी पाहिले. देवळाचे मानकरी भागोजी गावकर यांनी लस टोचावी का म्हणून देवाला कौल लावला. देवाने पाव तासात उजवा कौल, म्हणजे होकार, दिला. मला वाटले, सुटलो. पण बायका म्हणाल्या, देवाचं झालं, आता मुंबैचं येऊं दे. (ठराव मी अजून वाडीत वाचून दाखवला नव्हता.) साहेबांचा निरोप आला की, बुधवारी, अकरा तारखेला सिस्टरबाई बर्फाच्या डब्यातून लस आणतील. कुपी एकदा फोडली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून दहा तरी मुले हवीत, नाहीतर पुढची फेरी पावसाळ्यानंतर. पावसाळ्यापर्यंत गोवर नदीपलीकडे थांबेल असे त्याने कुठे लिहून दिले नव्हते.

बुधवारी सिस्टरबाई दहाला येऊन बसल्या. बायकाही आल्या, मुलांना कडेवर घेऊन, पण अंगणापलीकडे आंब्याखाली उभ्या राहिल्या. कुणीतरी पहिले जावे एवढीच सर्वांची इच्छा. एक वाजला, दीड वाजला. सिस्टरबाई डबा बंद करू लागल्या. मग एक मूल पुढे आले, ते टोचले गेले, रडले आणि गप्प झाले. त्याच्यामागून पाऊण तासात सतरा आली. वाडीतली अठरा मुले झाली, एक मामाच्या गावी होते. सरकारी तक्त्यात मी ‘पालकांची संमती: आहे’ असे लिहिले आणि साहेबांनी शाबासकी दिली.

तुमचा आज्ञाधारक,
लवू

ता. क. पहिले ते मूल तुमचे. आक्का त्याला घेऊन आंब्याखालून सरळ चालत आली. बायकांनी मला विचारले, “चिटनिसांचं पत्र आलं काय रं?” मी खिशावर हात ठेवून म्हणालो, आले आहे. पत्र आलेच होते. त्यात काय लिहिले आहे हे मात्र, ज्याला सगळे सांगण्याचे पन्नास रुपये मिळतात त्या मी सांगितले नाही. तरी विनंती की, संमतीचे एक नवे पत्र अकरा तारखेच्या आधीची तारीख घालून, तुमच्या सहीने पाठवावे. शिमग्याला बाकीचे अठरा बाप येतील तेव्हा ते मला दाखवावे लागेल.

ता. क. दुसरे. तुमच्या बाबूला कालपासून ताप आहे, एकशे एक. सोनूबाईच्या आणि तुळसाच्या पोरांनाही आहे. त्या दोघी निवांत आहेत. सोनूबाई म्हणते, “तू सांगितलंस तसा आटव्या दिवशी आला, तसाच उतरंल.” मी काल रात्रभर जागा होतो. उजव्या रकान्यात सर्व काही माझ्याच अक्षरात आहे, तरी दर तासाला जाऊन त्याच्या पोटाला हात लावतो.

ता. क. तिसरे, संध्याकाळी सहा वाजता, घरून. आक्काला पत्र वाचून दाखवले. तुमची सही मागितल्याचा मजकूर आला तेव्हा ती म्हणाली, “मी पयल्या दिवशीच तयार व्हते. येकोनीस पत्रं लिवलीस, पन घरात बसलेल्या मला येकदा इचारलंस?” मी विचारले नव्हते. मग तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहितो: “त्यांना लिव, पोराचा ताप आता उतरलाय, अंगावर पितंय. नदीपल्याडचं रडनं मी हितं ऐकलं, त्यांनी नाय. सही नको.”