सगळे स्विच मागे

२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ७
सव्वा महिना एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल या वहीची माफी. कारण रास्त आहे. क्लबच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, आणि रागातल्या नोंदी मला चालत नाहीत. आता मन शांत आहे. परीक्षक गाढव आहे, हे शांतपणे लिहितो. निवृत्त दंतवैद्य. क्लबमध्ये सगळे त्याला दातवाले म्हणतात.
परीक्षा साधी. रिमोटच्या विमानाने आकाशात इंग्रजी आठ काढायचा, दोन्ही वळणं सफाईदार. तिसरी आणि शेवटची संधी २४ तारखेला. पास झालो तर एकट्याने उडवायची परवानगी. नापास झालो तर वर्षभर माझ्या रिमोटला केबल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, मी चुकलो की विमानाचा ताबा घ्यायला, दुसरा रिमोट घेऊन आमचे साडू.
मी विज्ञानाचा पदवीधर, वजनकाटे तपासायच्या ऑफिसात सतरा वर्षं. साडू लिफ्ट दुरुस्त करतात. आणखी काही लिहायची गरज नाही.

३ नोव्हेंबर, रविवार
दोष सापडला. विमान डावीकडे कलवलं की त्याचं नाक आधी उजवीकडे जातं. नको असलेला नातेवाईक समोर आला की माणूस तोंड फिरवतो, तसं. उपाय: कलवतानाच शेपटीची पट्टी, म्हणजे रडर, त्याच बाजूला वळवायचा. उजव्या अंगठ्याने कलवा, डाव्याने रडर.
साडू म्हणाले, अहो साडू, तुमचा डावा अंगठा काय रजेवर आहे का? जरा कामाला लावा त्याला. मैदानावरचे चौघं हसले. हसणाऱ्यांत एकही पदवीधर नव्हता. (चौकशी केलेली नाही, अंदाज आहे. नोंद प्रामाणिक असावी.)

५ नोव्हेंबर
अंगठा मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर मी विसंबत नाही. रिमोटमध्ये मिक्स नावाची सोय आहे: उजवी काडी हलवली की रडर आपोआप, आपण ठरवू तेवढे टक्के हलतो. पंधरा टक्के ठेवला. तुलना करता यावी म्हणून मिक्स एका स्विचवर घेतला. पुढे केला की चालू, मागे केला की बंद. जेवणाच्या टेबलावर विमान ठेवून तपासलं. उत्तम.
बायको म्हणाली, टेबल कधी मोकळं होणार? रडरबद्दल एक प्रश्न नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
पंधरा टक्क्यांवर उडवलं. स्पष्ट सुधारणा. साधारण पंधरा टक्के. साडू म्हणाले, मागच्या रविवारसारखंच वळतंय की. फरक दिसायला नजर लागते.
क्लबच्या शिस्तीबद्दलही लिहायला हवं. मोटर चुकून सुरू होऊ नये म्हणून नियम आहे: विमान सोडण्यापूर्वी मोठ्याने 'सगळे स्विच मागे' म्हणायचं आणि सगळे स्विच मागे करायचे. बाकीचे पुटपुटतात. साडू तर नुसती मान हलवतात. मी म्हणतो आणि करतो. एकेक स्विच, बोट लावून, दोनदा.

१३ नोव्हेंबर
पंचवीस टक्के.
माझंच काही चुकत असेल का? असा प्रश्न स्वतःला विचारायची मला सवय आहे, बाकीच्यांना नाही. पूर्ण दहा मिनिटं खुर्चीत बसून विचार केला. नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
पंचवीसवर उडवलं. पंधरापेक्षा कितीतरी मऊ. पहिल्या वळणात विमान बाजूला घसरलं ते वाऱ्याने. दुसऱ्यात घसरलं तेही वाऱ्याने. वारा नव्हताच, असं साडूंचं म्हणणं. लिफ्टच्या पेटीत आयुष्य काढलेल्या माणसाला वारा कुठून कळणार?
साडूंनी शिकवायची तयारी दाखवली. रोज संध्याकाळी अर्धा तास, फक्त डावा अंगठा. नम्रपणे नकार दिला. बायकोच्या मते, नम्रपणे नाही.

२० नोव्हेंबर
चाळीस. मग साठ. मग, आता हात आखडता कशाला, सत्तर. टेबलावर रडर असा फिरला की पाण्याचा पेला पडला.
बायको फडकं घेऊन आली. म्हणाली, भावजींना एकदा विचारलंस तर काय तुझी पदवी काढून घेणार आहेत ते?

२३ नोव्हेंबर, शनिवार
उद्या परीक्षा. पास झाल्यावर साडूंना काय म्हणायचं ते ठरवलं: 'तुमचंही थोडं श्रेय आहे.' 'थोडं' वर जोर नको.

२४ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १
घडलं तेवढंच लिहितो.
पहिलं वळण नेहमीसारखं घसरत. दातवाले म्हणाले, आठाचा अर्धा झाला म्हणू या, उरलेला तरी नीट काढा. साडू माझ्या मागे उभे होते. हळूच म्हणाले, तो स्विच कसला हो? दर वेळी एवढा दाबून मागे करता तो?
मी पाहिलं. मिक्सचा. मागे होता. मैदानावर तो प्रत्येक वेळी मागेच होता. नियमाप्रमाणे, मोठ्याने ओरडून, दोनदा तपासून.
शांत डोक्याचा माणूस अशा वेळी काही करत नाही. मी वळणाच्या मध्यात स्विच पुढे केला.
सत्तर टक्के एकदम आले. विमान वळलं असं म्हणता येणार नाही. मागून कोणी हाक मारल्यासारखं गर्रकन फिरलं, नाक खाली घातलं आणि दातवाल्यांच्या गाडीमागच्या काटेरी कुंपणात गेलं. डाव्या पंखाचे दोन तुकडे. रडर शाबूत.
साडू हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. कुंपणात हात घालून तुकडे काढले, मनगटावर ओरखडे घेतले. म्हणाले, चिकटेल पंख, काळजी करू नका. आणि मिक्स राहू दे, पण दहाच्या वर कशाला? उरलेलं अंगठ्याने करायचं.
मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना मिक्स कळला होता, टक्केही माहीत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
मागच्या नोंदी वाचल्या. १० तारखेची 'स्पष्ट सुधारणा' खोडावी असं वाटलं. खोडली नाही. समासात लिहिलं: मिक्स बंद होता. १७ तारखेच्या नोंदीशेजारीही तेच लिहिलं. वाऱ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
टेबल मोकळं झालंय. तिथे बसून रिमोटच्या डाव्या काडीवर अंगठा ठेवून पाहिला. हलतो.

उद्या: साडूंना फोन करून केबल किती वाजता जोडायची ते विचारणे.